मदत हवी आहे: वाळवलेलं सावरडो स्टार्टर (ब्रेड फुगवायला वापरतात ते आंबवलेलं पीठ) उठत नाहीये
बहिणीने पुण्याहून स्टार्टरच्या वाळलेल्या पापड्या पाठवल्या. कोमट पाण्यात भिजवून वजनाने तेवढीच कणीक घातली. सुरुवातीला भसाभस बुडबुडे, मग सगळं थंड. आता वर करडं पाणी सुटतंय आणि नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येतोय. बुरशी, गुलाबी डाग काही नाही, म्हणून फेकवत नाही. वास म्हणजे ते उपाशी आहे, एवढं कळतं. पण नागपूरचा मे, कूलर लावूनही ओटा तापलेला. खाऊ घालायचं (ताजी कणीक आणि पाणी) तरी किती वेळा? १:१:१ (स्टार्टर:कणीक:पाणी, वजनाने) ऐवजी १:५:५ घालू का? की रात्री फ्रिजमध्ये ठेवू? पाणी उकळून गार केलेलंच वापरतेय, क्लोरीनची शंका नको. (घरच्यांच्या मते इडलीचं पीठ बरं, निदान फुगतं तरी!) आपल्या विदर्भाच्या उन्हाळ्यात कुणी जगवलंय का हे? कणीकच ठेवू की थोडा मैदा मिसळू?