प्रति: काउंट रोस्तोवची सुखवस्तू कैद

‘अ जेंटलमन इन मॉस्को’ ही अमोर टोल्स यांची कादंबरी रशियन क्रांतीचे भीषण वास्तव टाळते, हा आक्षेप मला निम्माच पटतो. १९२२ साली मॉस्कोच्या मेट्रोपोल हॉटेलात स्थानबद्ध झालेल्या नायकाला, म्हणजे उमराव काउंट रोस्तोवला, प्रशस्त दालन सोडून पोटमाळ्यावरच्या खोलीत जावे लागते. ज्या काळात उमरावांना थेट गोळ्या घातल्या जात होत्या, त्या काळात ही शिक्षा सौम्यच म्हणायची. परंतु समतेच्या नावाखाली हॉटेलच्या तळघरातील बाटल्यांची लेबले काढून सारी वाइन केवळ ‘लाल’ वा ‘पांढरी’ म्हणून विकण्याचा जो प्रसंग आहे, त्यात नव्या राजवटीची वृत्ती एखाद्या तुरुंगवर्णनापेक्षाही नेमकी उतरली आहे. शिवाय क्रांतीनंतर खुद्द मेट्रोपोलमध्येच बोल्शेविक, म्हणजे सत्तेवर आलेल्या कम्युनिस्ट पक्षाच्या, अधिकाऱ्यांचे बिऱ्हाड होते, त्यामुळे स्थळाची निवडही अभ्यासपूर्वक केलेली दिसते.