मदत हवी आहे: मिलानच्या सालोने देल मोबिले या फर्निचर प्रदर्शनातून दुकानासाठी नवीन वस्तू कशा निवडाव्यात?

दिवेलागण:
पुण्यात घरसजावटीचं छोटं दुकान आहे. मुरादाबादचं पितळ आणि जोधपूरचं लाकूड आता चौकाचौकात मिळतं, म्हणून एप्रिलमध्ये तीन दिवस मिलानला जायचा विचार आहे. लटकते दिवे, काच, सिरॅमिक, प्रत्येकी ४० नगांपर्यंत. सुरुवात कुठून करू? स्टॉलवर काय विचारायचं? एवढा कमी माल कोणी देतं का?

फिरतीवर:
दिवे हाच मुख्य हेतू असेल तर विषम वर्षी जा. युरोल्युचे हे दिव्यांचं प्रदर्शन तेव्हाच भरतं. सम वर्षी तिथे स्वयंपाकघर आणि बाथरूमचा जोर असतो.

पहिला अर्धा दिवस सालोने सॅटेलाइटला द्या. ३५ वर्षांखालच्या डिझायनरांचा हा विभाग १९९८ पासून चालतो आणि खरं ताजं काम तिथेच दिसतं. अडचण एकच: मांडलेलं बरंचसं प्रोटोटाइप असतं. म्हणजे तुम्ही पाहताय तो जगातला एकुलता एक नगही असू शकतो. त्यामुळे किंमत विचारायच्या आधी हे विचारा: बनवतं कोण, साचा तयार आहे का, आतापर्यंत किती नग विकले, ऑर्डरनंतर माल किती आठवड्यांत निघेल. "आम्ही उत्पादक शोधतोय" असं उत्तर आलं की कार्ड घ्या आणि पुढे चला. पुढच्या वर्षी तीच वस्तू एखाद्या कंपनीच्या स्टॉलवर सापडू शकते.

४० नग छोटे स्टुडिओ देतात. मोठे ब्रँड बहुधा वितरकाकडे पाठवतात. फोटो विचारूनच काढा.

मेट्रोची लाल लाइन थेट रो फिएरापर्यंत, म्हणजे प्रदर्शनाच्या जागेपर्यंत जाते, पण शहरातलं साधं तिकीट तिथे चालत नाही. एमआय१ ते एमआय४ झोनचं घ्या, नाहीतर बाहेर पडताना दंड.

गोदीवाला:
दिव्यांचं आधी ऐका. स्थिर एलईडी ल्युमिनेअरना, म्हणजे छताला-भिंतीला बसवायच्या पूर्ण दिव्यांना, बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) सक्तीची नोंदणी लागते. ती आयातदाराला मिळत नाही, कारखान्याच्या नावावर होते. परदेशी कारखान्याला त्यासाठी भारतात अधिकृत प्रतिनिधी नेमावा लागतो, शिवाय इथल्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत नमुन्याची चाचणी. ४० दिव्यांसाठी कुठलाही स्टुडिओ हे करणार नाही. नोंदणीशिवाय आणलेला माल न्हावा शेव्याला अडकतो आणि भाडं तुमच्या डोक्यावर चढत राहतं.

दुसरं, खोक्याचं माप. ४५ × ४५ × ४० सेंमीचा एक खोका म्हणजे ०.०८१ घनमीटर, ४० नगांचे ३.२४. हवाई मालात हेच घन सेंमी भागिले ६००० करतात, म्हणजे नगाला १३.५ किलोचं भाडं. दिवा भले २ किलोचा असो! तीच शेड घडी होऊन ५० × ५० × ६ च्या खोक्यात मावली तर २.५ किलो. म्हणून स्टॉलवर वस्तूचं नाही, खोक्याचं माप लिहून घ्या. एक्स-वर्क्स भावात कारखान्याच्या दारापासूनचा खर्च तुमचा, एफओबीत जहाजावर चढेपर्यंतचा त्यांचा. दोन स्टॉलचे भाव याशिवाय ताडून बघण्यात अर्थ नाही.

लाकडी क्रेट असेल तर आयएसपीएम १५ चा, म्हणजे लाकडावर कीडनाशक प्रक्रिया झाल्याचा शिक्का हवाच.

दिवेलागण:
धन्यवाद! मग दिवे सोडूनच द्यायचे का?

गोदीवाला:
नुसती शेड आणता येते; होल्डर, वायर इथे आयएसआय मार्कचं बसवा. दिव्याचे भाग कस्टमच्या ९४०५ या वर्गीकरण क्रमांकाखालीच येतात: काचेचे ९४०५९१, प्लास्टिकचे ९४०५९२, बाकीचे ९४०५९९. पण ऑर्डर देण्याआधी कस्टम एजंटला फोटो आणि माप पाठवून वर्गीकरण लेखी घ्या. काच-सिरॅमिकला लागू गुणवत्ता नियंत्रण आदेश आहे का, तेही त्यालाच विचारा.

फिरतीवर:
शेडबद्दल दोन गोष्टी. तिकडचं भोक ई२७ या आट्याच्या होल्डरचं असतं, आपला पिनचा बी२२ त्यात नीट बसेलच असं नाही. ई२७ होल्डर इथेही मिळतो. आणि कमाल किती वॅटचा बल्ब चालेल ते डिझायनरकडून लेखी घ्या, कागदी शेडला तर नक्कीच. इथे जोडणी करायची परवानगीही त्याच मेलमध्ये मागा. त्याच्या नावाने विकणार असाल तर ती लागेलच.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. एप्रिलसाठी जानेवारीतच अपॉइंटमेंट घ्या, हॉटेल त्याच्याही आधी. त्या आठवड्यात मिलानमध्ये खोल्यांचे भाव दिवसागणिक चढतात.