मदत हवी आहे : छंद म्हणून कुलपे उघडण्यासाठी कोणता संच घ्यावा?

चकवा :
नमस्कार. किल्लीविना कुलूप उघडण्याचा छंद मी नुकताच सुरू केला आहे. ऑनलाइन मागवलेल्या २४ नगांच्या संचाबरोबर सरावासाठी एक पारदर्शक कुलूपही आले होते. ते आता चुटकीसरशी उघडते. मात्र घरातल्या साध्या कुलपापुढे या २४ पैकी एकही हत्यार चालत नाही आणि एक तर वाकून बसले आहे. विक्रेता माल परत घेण्यास तयार नाही. तेव्हा दुसरा चांगला संच कोणता, एवढेच कृपया सांगावे. शनिवारच्या आत मागवायचा असल्याने उत्तर लवकर मिळाल्यास बरे.

यंत्रवेडा :
‘साधे कुलूप’ म्हणजे दाराचे लॅच की कडीकोयंड्याला लावायचे कुलूप? किल्ली चपटी आणि दातेरी आहे की गोल दांड्याची? हे कळल्याशिवाय संच सुचवणे म्हणजे रोग्याला न पाहता औषध देणे होईल.

चकवा :
कडीकोयंड्याला लावतात ते, घरोघरी असते तसे. किल्लीचे छायाचित्र मी इथे टाकणार नाही, कारण त्यावरून दुसरी किल्ली बनवता येते. प्रश्न कुलपाचा नसून संचाचा आहे.

सह्यकडा :
मी स्वतः फक्त रेक, म्हणजे नागमोडी टोकाचे हत्यार, वापरतो आणि त्यावर समाधानी आहे. ताणाची पट्टी (किल्लीच्या फटीत घालून कुलूप फिरवण्याचा जोर देणारी वाकडी पट्टी) हलकी दाबून धरावी आणि रेक आत-बाहेर फिरवावा. बाजारातली निम्मी स्वस्त कुलपे तेवढ्यानेच उघडतात. महागडे संच घेऊन पैसे वाया घालवू नयेत.

जुनीखोड :
सह्यकडा यांच्याशी साफ असहमत. रेकने कुलूप उघडते तेव्हा ते का उघडले हे आपल्याला कळत नाही, आणि छंदात तेच कळायला हवे. पिनांच्या कुलपात किल्लीबरोबर फिरणाऱ्या दंडगोलाला, म्हणजे प्लगला, एकावर एक बसलेल्या पिनांच्या जोड्या अडवून धरतात, आणि त्या पिनांची भोके कधीच अचूक एका रेषेत पाडलेली नसतात. त्यामुळे प्लगवर हलका ताण दिला की सगळ्या पिना एकदम न अडकता एक-एक करून अडकतात. अडकलेली पिन शोधून ती हूकने (टोक वर वळलेल्या हत्याराने) ‘टक्’ होईपर्यंत उचलणे आणि मग पुढची अडकलेली शोधणे, एवढाच हा खेळ आहे. त्यासाठी एक आखूड हूक, एक खोल हूक आणि दोन-तीन जाडीच्या ताणपट्ट्या पुरतात. उरलेले नग शोभेचे असतात. विकत घ्यायचेच असेल तर ०.६ मिमीच्या आसपास जाडीचे घ्यावे, आणि किल्लीची फट अरुंद असेल तर त्याहून थोडे पातळ. ताणपट्टी तर गाडीच्या जुन्या वायपरमधून निघणाऱ्या पोलादी पट्टीचीही उत्तम होते. टोक काटकोनात वाकवून कानस मारली की झाले.

सह्यकडा :
नवशिक्याचे पहिल्याच आठवड्यात काहीच उघडले नाही, तर तो छंदच सोडून देईल. निदान सुरुवातीला तरी रेकला नावे ठेवू नयेत.

तेलपाणी :
कुलूप घट्ट झाले असेल तर त्यात खोबरेल तेल अजिबात घालू नये, धूळ बसून चिखल होतो. शिसपेन्सिलीच्या शिशाची पूड फुंकावी. आमच्या गच्चीच्या दाराचे कुलूप या उपायाने दर पावसाळ्यानंतर लोण्यासारखे फिरते.

चकवा :
कुलूप घट्ट नाही. किल्लीने ते व्यवस्थित उघडते. कृपया संचाबद्दल बोलावे.

कायदेपंडित :
विचारलेले नसले तरी सांगतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम १२२ नुसार सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत घरफोडीचे साहित्य कायदेशीर कारणाशिवाय जवळ बाळगताना कोणी आढळल्यास तो गुन्हा ठरतो, आणि कारण योग्य होते हे त्या व्यक्तीनेच सिद्ध करायचे असते. संच घरातल्या खणात ठेवावा. रात्री मित्राकडे करामत दाखवायला खिशात घालून जाऊ नये.

हॅम्बुर्गकर :
इथे जर्मनीत १९९७ पासून छंदिष्टांची रीतसर नोंदणीकृत संघटना आहे आणि माणसे घड्याळ लावून कुलपे उघडण्याच्या स्पर्धा भरवतात. छंदिष्टांत साधारणपणे दोन नियम पाळले जातात : स्वतःच्या मालकीचेच कुलूप उघडायचे, आणि वापरात असलेले कुलूप स्वतःचे असले तरी त्याला हात लावायचा नाही, कारण आत हत्यार तुटले किंवा पिन अडकली तर दाराबाहेर उभे राहण्याची पाळी आपल्यावरच येते. चकवा यांचे ते कुलूप वापरातले तर नाही ना?

चकवा :
नाही, टेबलावर पडून आहे.

यंत्रवेडा :
मग त्याच्या अंगावर काय कोरले आहे तेवढे वाचून सांगा. किल्लीचे छायाचित्र नको.

चकवा :
कंपनीचे नाव, आणि खाली ‘७ लिव्हर’. किल्ली गोल दांड्याची असून टोकाला खाचा पाडलेली चौकोनी पट्टी आहे. याने काय फरक पडतो?

यंत्रवेडा :
सगळाच फरक पडतो. आपला संच पिनांच्या कुलपांसाठी आहे आणि हे कुलूप लिव्हरचे आहे. यात फिरणारा प्लग नाही, त्यामुळे आपली ताणपट्टी नुसत्या पोकळीत फिरते. आत सात पातळ पट्ट्या, म्हणजेच लिव्हर, एकावर एक बसवलेल्या असतात आणि प्रत्येकीत एक खाच असते. किल्ली प्रत्येक पट्टी नेमक्या उंचीवर उचलते, सगळ्या खाचा एका ओळीत येतात आणि बोल्टवरची खुंटी त्यांतून सरकते. पट्टी कमी उचलली तरी खुंटी अडते आणि जास्त उचलली तरी अडते. ही युक्ती रॉबर्ट बॅरनने १७७८ साली काढली. असे कुलूप उघडायला एकात एक बसणारी दोन हत्यारे लागतात : एकाने बोल्टवर ताण द्यायचा, दुसऱ्याने लिव्हर उचलायचे. ते आपल्या संचात नाही आणि नवशिक्यांसाठीच्या दुसऱ्या कोणत्याही २४ नगांत सापडणार नाही. अलिगढची असंख्य कुलपे याच जातीची असल्याने परदेशी चित्रफिती पाहून शिकणारे आपल्याकडचे लोक इथेच अडतात.

इतिहासप्रेमी :
लिव्हरचे कुलूप उघडतच नाही असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. १८५१ च्या लंडन प्रदर्शनाच्या वेळी हॉब्स या अमेरिकन कारागिराने चब या इंग्लिश कंपनीचे नावाजलेले लिव्हरचे कुलूप सुमारे २५ मिनिटांत उघडले होते. ब्रामा या दुसऱ्या इंग्लिश कंपनीच्या कुलपाने मात्र त्याला १६ दिवसांत विभागलेले ५१ तास झुंजवले.

जुनीखोड :
हॉब्सच्या हातात हॉब्सची हत्यारे होती. चकवा यांनी नवा संच मागवूच नये. हार्डवेअरच्या दुकानातून दाराला बसवतात तो पिनांचा सुटा सिलिंडर आणावा, प्लग सावधपणे काढून त्यात दोनच पिना ठेवाव्यात आणि हात बसत जाईल तशा वाढवत न्याव्यात. पारदर्शक कुलूप बाजूला ठेवावे. त्यात सगळे सैल असते आणि बोटांऐवजी डोळेच शिकतात.

चकवा :
सिलिंडर आणला. चार पिनांपर्यंत उघडतो. पाचवी घातली की प्लग थोडासा फिरून मधेच थांबतो, आणि पुढे काहीच होत नाही. हत्यार बदलावे का?

जुनीखोड :
नको. पाचव्या जोडीतली वरची पिन बहुधा मधे बारीक असलेली, रिळाच्या आकाराची असावी; ती असे उघडणाऱ्याला फसवण्यासाठीच घातलेली असते. ताण न सोडता अगदी किंचित हलका करावा आणि तीच पिन हळू उचलत राहावी. प्लग उलटा ढकलल्यासारखा वाटेल, तो तसा जाऊ द्यावा. बाकीच्यांपैकी एखादी पिन खाली पडल्यास ती पुन्हा बसवावी.

सह्यकडा :
किंवा एकदा रेक फिरवून पाहावा.