चर्चा: एकाच शास्त्रीय नावाचे दोन जीव का चालवून घ्यायचे?

रानभैरी:
मोरस म्हणजे तुती. मोरस म्हणजे गॅनेट हा समुद्रपक्षीसुद्धा. फायकसमध्ये वड, पिंपळ, उंबर येतात आणि एक समुद्री गोगलगायही. बॅसिलस म्हटलं की जिवाणू आठवतात, पण त्याच नावाचा काडीकिडा आहे. यांचं आपसात काडीचंही नातं नाही. कारण सगळ्यांना ठाऊक आहे: प्राण्यांची नावं एक नियमसंहिता ठरवते, वनस्पती-शैवाल-बुरशींची दुसरी, जिवाणूंची तिसरी. पण एका नावाने एकच जीव ओळखता यावा म्हणूनच हा लॅटिनचा खटाटोप ना? जे नाव नंतर आलं ते बदला. तुती १७५३ची, गॅनेटचं मोरस १८१६चं. पक्ष्याने नाव सोडावं.

शिंपला:
साफ असहमत. मोरसच्या पानांवर रेशीमकिडे पोसतात हे वाचून कुणाच्या डोळ्यांपुढे गॅनेट येतो? आणि त्या बिचाऱ्या पक्ष्याला जुन्या पुस्तकांत सुला प्रजातीत (जीनस, म्हणजे शास्त्रीय नावाचा पहिला शब्द) टाकलेलं असायचं. आता तिसरं नाव देऊन कुणाचं भलं होणार?
एका संहितेच्या आत मात्र नियम कडक आहे. प्लॅटिपस या बदकचोचीच्या सस्तन प्राण्याचंच बघा. १७९९ मध्ये शॉ या प्राणिशास्त्रज्ञाने त्याला प्लॅटिपस हेच प्रजातीनाम दिलं, पण ते एका भुंगेऱ्याला आधीच दिलेलं निघालं. म्हणून तो ऑर्निथोरिंकस झाला.

रानभैरी:
संदर्भावरून कळतं म्हणता, मग गाउसिया प्रिन्सेप्स घ्या. प्रजाती आणि जाती (स्पीशीज, म्हणजे दुसरा शब्द), दोन्ही नावं तीच. एक क्युबातला पाम, दुसरा खोल समुद्रातला चमकणारा कोपेपॉड, म्हणजे कोळंबीच्या गटातला एक चिमुकला जीव. त्या कोपेपॉडचं प्रकाश देणारं विकर (एन्झाइम) प्रयोगशाळांत सर्रास वापरतात. अगाथिस मोंटानाही तसंच: न्यू कॅलेडोनियातला सूचिपर्णी वृक्ष आणि एक गांधीलमाशी. नुसतं नाव टाकून शोधणाऱ्या यंत्राला संदर्भ कोण सांगणार?

भुंगेरा:
यंत्राला नाव पुरत नसेल तर क्रमांक द्या. मोठे डेटाबेस हेच करतात, शिवाय नावापुढे नामकर्ताही असतोच. त्यासाठी दोनशे वर्षांचं लिखाण उलथवायचं?
नाव बदललं की काय होतं ते सिंटार्ससवरून बघा. १९६९ मध्ये राथ या संशोधकाने ऱ्होडेशियातल्या, म्हणजे आजच्या झिंबाब्वेतल्या, एका डायनोसॉरला हे नाव दिलं. तेच नाव १८६९ पासून एका भुंगेऱ्याचं होतं. इथे बदल भागच होता, दोघेही प्राणी. पण २००१ मध्ये तो केला कीटकशास्त्रज्ञांनी, आणि नाव ठेवलं मेगाप्नोसॉरस, म्हणजे ‘मेलेला मोठा सरडा’! डायनोसॉरवाले भडकले: आम्हाला विचारलं का? पुढे अनेकांनी तो प्राणी सीलोफायसिस या दुसऱ्या डायनोसॉर-प्रजातीतच टाकला. एका सांगाड्यामागे तीन नावं. (विनोद मला आवडला, पद्धत नाही.) नियमाने भाग पाडलेल्या बदलात हा गोंधळ. गरज नसताना हे शेकडो नावांबाबत करायचं?

पाणकणीस:
भुंगेरा यांच्याशी बराचसा सहमत, पण जुनी नावं राहू द्यायची म्हणजे नवी जुळी जन्माला घालायची असं नाही. प्राण्यांच्या संहितेत शिफारस आहेच की नवं प्रजातीनाम ठेवण्याआधी इतर संहितांतल्या नोंदी बघा. माझ्या मते हा नियमच हवा. सगळ्यांना मिळून एकच संहिता असावी म्हणून १९९०च्या दशकात बायोकोडचा मसुदा झाला होता, तो काही स्वीकारला गेला नाही. प्रत्येकाला आपलं घर प्यारं.

शिंपला:
नव्यांवर बंदीला माझी हरकत नाही. यादी तपासायला आता कितीसा वेळ लागतो?

रानभैरी:
शिफारशीला दात नसतात, त्यामुळे नियम हवाच. तुती-गॅनेटचा हट्ट एकवेळ सोडतो. पण जिथे दोन्ही शब्द जुळतात तिथे एकाने नाव बदललंच पाहिजे. गाउसिया प्रिन्सेप्सवर मी ठाम आहे.

भुंगेरा:
राहा ठाम. पण कोपेपॉडने नाव बदलावं असा अर्ज कोणत्या कलमाखाली करणार? त्याच्या संहितेच्या लेखी तो पाम अस्तित्वातच नाही.