ओटो नेर्त्स: जर्मनीच्या पहिल्या राष्ट्रीय प्रशिक्षकाने नेमकं काय बदललं?

उजवाहाफ
जर्मनीच्या राष्ट्रीय फुटबॉल संघाच्या प्रशिक्षकांच्या कुठल्याही यादीत पहिलं नाव ओटो नेर्त्सचं असतं. पुढे एकच ओळ: १९३६ ला नॉर्वेकडून हरला आणि गेला. तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. संघ तर १९०८ पासून खेळत होता, मग १९२६ पर्यंत अकरा जण निवडायचं कोण? त्याने डब्ल्यूएम नावाची खेळाडूंची मांडणी आणली म्हणतात, म्हणजे मैदानावर कोण कुठून कुठे सरकलं? आणि त्याच्यानंतरचा प्रशिक्षक हेर्बेर्गर याची सुरुवात काही ठिकाणी १९३६, काही ठिकाणी १९३८ का दिसते?

गोलरेषा
निवड समिती करायची. ५ एप्रिल १९०८ ला बाझलमध्ये स्वित्झर्लंडकडून ३-५ ने हरलेल्या पहिल्या संघाला प्रशिक्षकच नव्हता. प्रादेशिक संघटना आपापली माणसं सुचवायच्या. त्यातून अकरा चांगले खेळाडू मिळत, पण एकमेकांसोबत कधीच न खेळलेले.

नेर्त्स १८९२ चा, हेखिंगेनचा. पेशाने शिक्षक, पुढे डॉक्टरही झाला. फाउएफआर मानहाइम आणि टेनिस बोरुसिया बर्लिन या क्लबांकडून खेळला, बर्लिनच्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयात शिकवायचा. सेप हेर्बेर्गर त्याचाच विद्यार्थी. १९२६ पासून संघ त्याच्या हाती आला. त्याचा भर शिबिरांवर होता: खेळाडूंना एकत्र बोलवायचं, दम वाढवायचा, प्रत्येकाला त्याच्या जागेचं काम पक्कं शिकवायचं. जर्मनीत तेव्हा अधिकृत व्यावसायिक फुटबॉल नव्हतं, खेळाडू नोकऱ्या सांभाळून यायचे, म्हणून शिबिरांचे हे दिवस फार मोलाचे.

स्टॉपर५
डब्ल्यूएमबद्दल. मूळ रचना २-३-५, म्हणजे मागे दोन बॅक, मध्ये तीन हाफ, पुढे पाच आघाडीवाले. तिच्यात सेंटरहाफ, म्हणजे मधला हाफ, हा संघाचा कणा, बचावातही तो आणि चढाईची सुरुवातही त्याचीच. १९२५ ला ऑफसाइडचा नियम बदलला: आघाडीच्या खेळाडूपुढे प्रतिस्पर्ध्याचे तीन खेळाडू लागायचे, तिथे दोन पुरेसे झाले. मधल्या आघाडीवाल्याला मोकळं रान मिळालं, आणि इंग्लंडमध्ये, विशेषतः आर्सेनल क्लबने, सेंटरहाफला मागे ओढलं. नेर्त्स इंग्लिश फुटबॉलचा बारकाईने अभ्यास करणारा होता.

सरकतात ते असे. सेंटरहाफ दोन बॅकच्या मध्ये येतो, हाच स्टॉपर. बॅक बाहेर सरकून विंगरला, म्हणजे कडेच्या आघाडीवाल्याला, धरतात. उरलेले दोन्ही हाफ आत येतात आणि दोन इनसाइड फॉरवर्ड, म्हणजे मधल्या आघाडीवाल्याच्या दोन बाजूंचे, खाली उतरतात. या चौघांचा मैदानाच्या मधोमध चौकोन होतो. रचना ३-२-२-३.

चुकतं कुठे, तर नेहमी या चौकोनात. स्टॉपर मागे गेला पण इनसाइड फॉरवर्ड वरच रेंगाळले, तर दोन हाफना अख्खं मधलं मैदान सांभाळावं लागतं. आणि हाफ सवयीने कडेला विंगरमागे धावला, की आत भगदाड. म्हणून या पद्धतीला चपळाईपेक्षा शिस्त जास्त लागते, आणि समितीने ऐनवेळी जमवलेल्या संघाला ती जमणं कठीण.

फ्रिट्झ शेपान त्याच्या शाल्के क्लबमध्ये इनसाइड फॉरवर्ड होता. १९३४ च्या विश्वचषकात नेर्त्सने त्याला मध्ये, मागे खेळवलं. माझ्या मते हा त्याचा सर्वांत धाडसी निर्णय: ज्याला मैदान सगळ्यात चांगलं दिसतं, त्याच्या हाती मागून चेंडू द्यायचा.

गोलरेषा
त्याआधीचं १९३१ विसरू नका. ऑस्ट्रियाने मे महिन्यात बर्लिनमध्ये ६-० आणि सप्टेंबरमध्ये व्हिएन्नात ५-० असं धुतलं. मेमध्ये शेपान उपलब्धच नव्हता. खेळाडूंना पैसे दिल्याबद्दल १९३० च्या ऑगस्टमध्ये शाल्केच्या संघावर घातलेली बंदी अजून उठायची होती.

आणि १९३४ ला इटलीत: बेल्जियम ५-२ (कोनेनचे तीन गोल), स्वीडन २-१, उपांत्य फेरीत चेकोस्लोव्हाकियाकडून १-३, त्यात तिन्ही गोल नेयेडलीचे. नेर्त्सने गोलरक्षक क्रेसच्या जागी याकोबला उभं केलं आणि तिसऱ्या क्रमांकासाठी नेपल्सला त्याच ऑस्ट्रियाला ३-२ ने हरवलं. लेनरचा पहिला गोल तर पहिल्याच मिनिटात.

डावीकड
तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर. बर्लिन ऑलिंपिकमध्ये लक्झेंबर्गला ९-० ने हरवल्यावर ७ ऑगस्ट १९३६ ला नॉर्वेशी गाठ पडली. पुढच्या फेरीसाठी प्रमुख खेळाडू राखून ठेवले. तरुणांना खेळवा हा आग्रह महासंघाचे प्रमुख लिनेमान यांचाही होता. इसाक्सेनने सातव्या मिनिटाला गोल केला, मग ८३ व्या मिनिटाला दुसरा. ०-२. हिटलर प्रेक्षागृहात होता. दोष एकट्या नेर्त्सच्या माथी मारला गेला, हे मला अन्यायाचं वाटतं.

त्यानंतर संघ हेर्बेर्गरकडे गेला, पण नेर्त्स १९३८ पर्यंत वरिष्ठ म्हणून होताच. म्हणून याद्यांत दोन तारखा. सामन्यांचा हिशेब १९३६ पर्यंतच धरा: ७० सामने, ४२ विजय, १० बरोबरी, १८ पराभव.

त्याच्यावर लिहिणार असाल तर पुढचा भाग गाळू नका. तो नाझी पक्षात होता आणि १९४३ ला त्याने वृत्तपत्रात ज्यूद्वेष्टे लेख लिहिले. युद्धानंतर सोव्हिएत सैन्याने पकडलं. १९४९ च्या एप्रिलमध्ये झाक्सेनहाउझेनच्या छावणीत तो वारला.

उजवाहाफ
चौकोनाचं स्पष्टीकरण फार उपयोगी पडलं. १९३६ आणि १९३८ दोन्ही तारखा नोंदवतो, आणि १९४३ चे लेखही.