मिस्सेत (कॅथलिक उपासनेत) लॅटिन ग्रेगोरियन गायन, म्हणजे चर्चचं जुनं बिनतालाचं गायन, परत आणावं का?

वसईचा_सूर: परवा अंत्यविधीच्या मिस्सेनंतर शवपेटी बाहेर नेताना एका वयस्कर काकांनी 'इन पॅराडिसुम' (मृताला स्वर्गात नेवोत अशी लॅटिन प्रार्थना) एकट्याने म्हटलं. कीबोर्ड नाही, ताल नाही, नुसता गळा. अंगावर काटा आला. १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने) उपासनेवरच्या दस्तऐवजात (कलम ११६) या ग्रेगोरियन गायनाला अग्रस्थान दिलं. मग आपण ते अडगळीत का टाकलं?

मराठी_मिस्सा: त्याच कलमात 'बाकी गोष्टी समान असतील तर' असंही लिहिलंय, ते गाळू नका. माझी आजी लॅटिन मिस्सेत जपमाळ ओढत बसायची, घंटा वाजली की मान वर करायची. उपासना फादरांची, आजी बघणारी. रोममध्येसुद्धा आधी ग्रीक होती. चौथ्या शतकाच्या आसपास लॅटिन आली, कारण लोकांना तीच कळत होती. ज्ञानोबांनी गीता मराठीत आणली तीही कळावी म्हणूनच ना?

वसईचा_सूर: आजींचं दुःख खरं आहे, मान्य. पण मराठी काढा असं मी म्हणतच नाही. कलम ५४ सांगतं की भाविकांना आपल्या वाट्याचे भाग लॅटिनमध्येही म्हणता यावेत. १९७४ मध्ये पोप सहावे पॉल यांनी त्यासाठीच 'युबिलाते देओ' ही सोप्या चालींची पुस्तिका सगळ्या बिशपांना पाठवली. 'आग्नुस देई' ('देवाच्या कोकरा' ही प्रार्थना) तीन ओळींचं आहे, अर्थ सगळ्यांना पाठ. ते शिकायला किती रविवार लागतील?

क्वायरवाली: मी गाते म्हणून सांगते, सगळं ग्रेगोरियन एका मापाचं नाही. 'ग्रॅज्युअल'मध्ये (बायबल-वाचनानंतरच्या गाण्यात) एकेका अक्षरावर सुरांची लांबच लांब माळ असते, ती तयार गळ्यांसाठीच. लोकांच्या तोंडी ती द्यायला गेलात तर लोक गप्प होतील, म्हणजे पुन्हा आजीचीच गत. उलट 'सांक्तुस' ('पवित्र, पवित्र, पवित्र'), 'आग्नुस देई' यांच्या साध्या चाली पटकन बसतात. आणि वेग शब्दांनी ठरू द्या, कीबोर्डचा ठेका लावलात तर जीव गेला त्याचा.

मराठी_मिस्सा: ताई, तुमचं पटतं, पण ओढ अजून मराठीकडेच आहे. ही बिनतालाची, शब्दामागे चालणारी रीत मराठी स्तोत्रांना द्या ना! आजीला ती म्हणता आली असती.

वसईचा_सूर: मराठी स्तोत्रांना जरूर द्या, मी पहिला गाईन. 'इन पॅराडिसुम' मात्र माझ्या वेळी लॅटिनमध्येच म्हणा.