मेलबर्न: गॅसची हॉट वॉटर टाकी गेली, हीट पंप घ्यावा की परत गॅसच?

सांगलीचा_फिटर

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, आधीच माफी मागतो. वय ७३ आणि चार दिवस घरात गरम पाणी नाही, त्यामुळे डोकं गरम आहे.

मंगळवारी पहाटे सौ.ने उठवलं, म्हणाली मागच्या बाजूला काहीतरी सूं सूं वाजतंय. टॉर्च घेऊन गेलो तर गॅसच्या टाकीच्या बुडातून तांबूस पाणी काँक्रीटवर पसरलेलं आणि पायलटची ज्योत विझलेली. २००४ ला बसवलेली टाकी, २१ वर्षं चालली, तिच्याबद्दल काही तक्रार नाही. आता शेगडीवर मोठं पातेलं, त्यात पाणी तापवायचं, बादलीत ओतायचं आणि तांब्याने आंघोळ. सांगलीला लहानपणी तांब्याचा बंब होता, चिपाडं घालून पेटवायचो, ४१ वर्षं ऑस्ट्रेलियात काढून फिरून तिथंच आलो. सौ. म्हणते बंब तरी बरा होता.

प्लंबरने दोन कोटेशन दिलीत. तशीच गॅसची टाकी साधारण २००० डॉलर. हीट पंप (बाहेरच्या हवेतल्या उष्णतेवर पाणी तापवणारं विजेचं मशीन) सगळी रिबेट वजा जाऊन ३४०० आणि त्यात इलेक्ट्रिशियन वेगळा. वर म्हणाला, बघा बुवा, १ मार्च २०२७ पासून व्हिक्टोरियात गॅसची टाकी कायमची गेली तर जागी इलेक्ट्रिकच लावावी लागणार. दुरुस्त होत असेल तर करता येईल. घर गरम करायच्या गॅस हीटरला सूट दिलीय, तीसुद्धा लोकांनी आरडाओरडा केल्यावर.

आता राजकारण. ज्यांना नको त्यांनी पुढचे दोन पॅरे सोडावेत.

मी १९८४ ला आलो, मेडिकेअर (इथला सरकारी आरोग्य विमा) सुरू झालं ते वर्ष. पहिलं मत १९८७ ला लेबरच्या हॉकला दिलं. नंतर लिबरलच्या हॉवर्डलाही दिलं, जीएसटी आणल्यावर शिव्याही दिल्या, लेबरच्या रडला दिलं, २०१९ ला लेबरच्याच शॉर्टनला नाही दिलं कारण तो आमच्या शेअरच्या फ्रँकिंग क्रेडिटवर (कंपनीने भरलेल्या करापोटी शेअरधारकाला मिळणाऱ्या सवलतीवर) उठला होता. म्हणजे मी कुणाचा बांधील नाही. पण प्रत्येक वेळी होतं काय, तर वर कॅनबेराला किंवा स्प्रिंग स्ट्रीटला (राज्याच्या विधिमंडळात) काहीतरी ठरतं आणि ते माझ्या घरी प्लंबरच्या कोटेशनमधून कळतं. २०१० ला सांगितलं सोलर लावा, ग्रिडला दिलेल्या विजेच्या युनिटला ६० सेंट देतो. लावलं, दीड किलोवॅट. अट अशी की पॅनल वाढवली तर ६० सेंट बंद, म्हणून वाढवली नाहीत. १ नोव्हेंबर २०२४ ला ती स्कीम संपली, आणि आता विजेच्या कंपनीकडून जे मिळतं ते जवळजवळ भोपळा. मग सांगितलं बॅटरी लावा, १ जुलै २०२५ पासून साधारण तीस टक्के सूट. बॅटरीचे पैसे वसूल होईपर्यंत मी असेन का, हा हिशोब कुणी मांडत नाही.

आणि गॅस संपत आला म्हणतात. बास सामुद्रधुनीतला संपतोय, मान्य. पण क्वीन्सलंडमधून जहाजंच्या जहाजं भरून एलएनजी (द्रवरूप गॅस) परदेशी जातोय त्याचं काय? वेस्टर्न ऑस्ट्रेलियाने २००६ लाच नियम केला की निर्यातीच्या गॅसपैकी १५ टक्के राज्यासाठी राखून ठेवायचा. पूर्वेकडे ते वेळेवर कुणी केलं नाही, ना लेबरने ना लिबरलने. दोघंही तेवढेच दोषी.

शेवटचं दुखणं. मी आयुष्यभर टूलरूममध्ये काम केलं, गाड्यांच्या कारखान्यात (२०१७ नंतर या देशात गाड्या बनत नाहीत, तो वेगळा धागा होईल). मायक्रॉनमध्ये काम करणारा माणूस, आणि स्वतःच्या घरात विजेचा एक पॉइंट बदलायची परवानगी नाही. नळाचा वायसर तेवढा बदलता येतो. तो मी बदलतो, मनापासून बदलतो.

तर प्रश्न: कुणी हीट पंप लावलाय का? मेलबर्नच्या थंडीत चालतो का? आवाज येतो का? शेजारचा इटालियन म्हातारा म्हणतो गॅसच लाव, बाकीचं आपली पोरं बघतील.

---

मृदुला_सिडनी

काका, मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे आणि याच क्षेत्रात काम करते, पण विकत काही नाही, त्यामुळे निर्धास्त वाचा.

हीट पंप म्हणजे उलटा फ्रिज. बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून टाकीतल्या पाण्यात सोडतो, म्हणून साध्या इलेक्ट्रिक गीझरच्या तिसरा-चौथा हिस्सा वीज लागते. हवा थंड असली की त्याला जास्त कष्ट पडतात, हे खरं, पण मेलबर्नची थंडी म्हणजे काही लडाख नव्हे. कोणतं रेफ्रिजरंट (आत फिरून उष्णता वाहून नेणारा वायू) आहे ते विचारा. सीओटू किंवा प्रोपेनवाली मशीन थंडीत जास्त चांगली चालतात. आणि स्वस्तातली काही अशी येतात की थंडीत आतली साधी कॉइल सुरू होते, मग बिल बघून रडायची वेळ येते, तर कोटेशनवर मॉडेल नंबर लिहून घ्याच.

टाकीची वॉरंटी वेगळी आणि कॉम्प्रेसरची वेगळी असते, सेल्समन मोठा आकडा तेवढा सांगतो. टाकीत पाणी ६० डिग्रीला गेलंच पाहिजे, नाहीतर लिजिओनेला नावाचे जंतू वाढतात, आणि बाथरूमला जाताना टेंपरिंग व्हॉल्व्ह ते ५० वर आणतो. तुमचा जुना व्हॉल्व्ह २००४ चाच असेल तर तोही बदलून घ्या, त्याच कामात. काम ७५० डॉलरच्या वर आहे म्हणजे प्लंबरने कंप्लायन्स सर्टिफिकेट (काम नियमाप्रमाणे झाल्याचा दाखला) देणं बंधनकारक आहे, ते हातात पडेपर्यंत शेवटचे पैसे देऊ नका.

तुमच्यासाठी महत्त्वाचं म्हणजे टायमर. सकाळी दहा ते दुपारी तीन चालेल असा लावा. तुमचं दीड किलोवॅटचं जुनं सोलर त्याला बऱ्यापैकी पुरेल. जी वीज तुम्ही फुकटात ग्रिडला देताय तिचं गरम पाणी करा ना. ६० सेंट होते तेव्हा हा सल्ला चुकीचा ठरला असता, आता बरोबर आहे.

अवांतर: टाकी २१ वर्षं टिकली म्हणजे कुणीतरी अ‍ॅनोड रॉड बदलला असणार. तुम्हीच ना?

---

सांगलीचा_फिटर

मीच. दोनदा. टाकीतला मॅग्नेशियमचा रॉड काढला तेव्हा करंगळीएवढा बारीक झाला होता, उसाच्या चोयटीसारखा. तो गंजून जातो म्हणून टाकी गंजत नाही. दर सहा महिन्यांनी प्रेशर व्हॉल्व्हचा लिव्हरही उचलायचो. ते बेकायदेशीर आहे का माहीत नाही, असेल तर हा प्रतिसाद मी लिहिलेला नाही.

---

विद्याधर_अ‍ॅडलेड

फिटरसाहेब, हॉट वॉटरचं मृदुलाताईंनी सांगितलंच आहे. मी राजकारणावर बोलतो, कारण तुमचा एक मुद्दा मला पटला नाही.

फ्रँकिंग क्रेडिट. कंपनीने कर भरलेला असतो म्हणून शेअरधारकाला तेवढं क्रेडिट मिळतं, इथपर्यंत ठीक. पण ज्याला करच लागत नाही त्यालाही सरकारने रोख चेक पाठवायचा, हे हॉवर्ड-कॉस्टेलोंनी २००० साली सुरू केलं. शॉर्टनला तेवढंच बंद करायचं होतं आणि पेन्शनरांना त्यातून सूट होती. तरी म्हाताऱ्यांवर कर आणला म्हणून बोंब झाली आणि तो निवडणूक हरला. मीही ७० चा आहे, माझेही शेअर आहेत, पण माझ्या नातवाला घर घेता येत नाही आणि मला चेक येतो, हे काही बरोबर वाटत नाही. तुम्ही त्या वेळी तुमच्या खिशाला मत दिलंत, हरकत नाही, सगळेच देतात, पण मग सरकार आमचा विचार करत नाही असं म्हणू नका, आपला विचार फार केला गेलाय.

बाकी वीज आणि लँडलाइनबद्दल आमच्याकडचं ऐका. २८ सप्टेंबर २०१६ ला वादळात मनोरे पडले आणि आख्खं साऊथ ऑस्ट्रेलिया अंधारात. तेव्हा आमच्या घरी जुना तांब्याच्या तारेचा फोन होता, वीज नसताना चालला. आता एनबीएन (सरकारी ब्रॉडबँडचं जाळं) आलं, लाईट गेली की मोडेम बंद आणि फोनही बंद. २०२४ ला थ्रीजी बंद झालं तेव्हा हिचा साधा बटणवाला मोबाईलही कचऱ्यात गेला. आम्हा दोघांना रात्री काही झालं आणि वीज नसली तर भिंतीला टेकून बसायचं, एवढंच उरलं. यावर कुणी प्रचारात बोललं का? मे २०२५ च्या केंद्राच्या निवडणुकीत दोन्हीकडची पत्रकं पेटीत येऊन पडली, मी सगळी वाचली, एका ओळीत नाही.

---

कर्वेनगर_कट्टा

वाचतोय. तुमचे प्रॉब्लेम वाचून हसू येतंय, राग मानू नका. आमच्या सोसायटीत गच्चीवर सोलर आहे, जुलैमध्ये पाणी कोमट आणि तेही साडेसहाच्या आत उठलात तर.

एक शंका. तिकडे मत दिलं नाही तर दंड होतो म्हणे? खरं आहे?

---

सांगलीचा_फिटर

@कर्वेनगर_कट्टा खरं आहे. केंद्राच्या निवडणुकीत २० डॉलर. १९२४ चा कायदा आहे. मला तो आवडतो, या देशातल्या ज्या चार गोष्टी मला मनापासून आवडतात त्यात ही एक. शनिवारी मतदान, शाळेत रांग, बाहेर पालक संघवाले सॉसेज भाजत असतात. आम्ही नुसता ब्रेड-कांदा-सॉस घेतो, सौ. म्हणते कांदा बरा परततात. आणि आपल्यासारखं एकच बटण दाबून काम होत नाही, खालच्या सभागृहासाठी सगळ्या उमेदवारांना १, २, ३ असे क्रमांक द्यावे लागतात, एकाहून जास्त चौकोन मोकळे सोडले तर मत बाद होतं. सेनेटची पत्रिका तर टेबलक्लॉथएवढी. मी चष्मा बदलून, पेन्सिलीने, सावकाश भरतो. सगळ्यात नावडत्याला शेवटचा क्रमांक देण्यात जी मजा आहे ती तुमच्या ईव्हीएमला नाही.

@विद्याधर, तुमचं फ्रँकिंगवालं काल रात्री वाचलं आणि लगेच उत्तर लिहायला घेतलं होतं, खोडलं. मला पेन्शन मिळत नाही, घर सोडून बाकी मालमत्तेमुळे, म्हणून ती सूट मला नव्हती. तरी तुमचं म्हणणं निम्मं मान्य. निम्मंच. नातवाचं घर मात्र पुरतं मान्य, माझी नात ३१ ची आहे आणि भाड्याच्या फ्लॅटमध्ये बुरशी लागलेल्या भिंतीला फर्निचर टेकवून ठेवते.

वृद्धांच्या विचाराबद्दल म्हणाल तर घरी मदत मिळण्याची नवी योजना १ जुलै २०२५ ला येणार होती, ती १ नोव्हेंबरवर ढकलली. हिच्या गुडघ्याला विचारा चार महिने किती लांब असतात ते.

---

बॉक्सहिलची_सून

काका, माझे सासरे तुमच्याच वयाचे, आम्ही मागच्या हिवाळ्यात लावला. आवाज येतो, खोटं बोलणार नाही, विंडो एसी दूरवर चालू असल्यासारखा. शेजाऱ्यांच्या बेडरूमच्या खिडकीसमोर लावू नका, आम्हाला पहिल्या आठवड्यात चिठ्ठी आली होती. पण टायमर दिवसा लावल्यावर भांडण मिटलं.

एक सांगते, फोनवरून किंवा दारावर येऊन "सरकारकडून आलोय, फुकट बदलून देतो" म्हणणाऱ्याला आत घेऊ नका. २०२४ पासून व्हिक्टोरियात त्या रिबेटच्या स्कीमसाठी फोन करणं आणि दार वाजवणं दोन्ही बंद केलंय. तरी सासऱ्यांना एकाने गाठलंच, टाकी बसवली आणि लीक झाल्यावर फोन उचलेना. शेवटी गल्लीतल्याच प्लंबरने सरळ केलं, त्याला वेगळे पैसे. जो माणूस परत येईल त्याच्याकडूनच घ्या, चारशे डॉलर जास्त गेले तरी.

आणि हो, युनिट जी हवा बाहेर फेकतं ती गार असते, फ्रिजसारखी. त्याच्या तोंडासमोर कुंडी ठेवू नका. आमचा कढीपत्ता गेला. सहा वर्षांचा होता.

---

मृदुला_सिडनी

+१. कढीपत्त्याचं मी विसरलेच होते.

---

सांगलीचा_फिटर

अपडेट देतो, नाहीतर लोक म्हणतात प्रश्न विचारून गायब झाले.

हीट पंपच घेतला, प्रोपेनवाला. इटालियन म्हातारा रुसलाय पण दोनदा कुंपणावरून डोकावून बघून गेला. मृदुलाताईंनी सांगितलेले प्रश्न कागदावर लिहून प्लंबरला विचारले, तो म्हणाला तुम्ही ट्रेडमध्ये होता का, मी म्हटलं होतो. टेंपरिंग व्हॉल्व्ह बदलला, जुना उघडून बघितला तर आत नुसता चुना. सर्टिफिकेट आलं. खर्च इलेक्ट्रिशियन धरून ३९००, त्यामुळे केंद्रातले अल्बनीझ आणि राज्यातल्या अ‍ॅलन बाई या दोन्ही सरकारप्रमुखांबद्दलचं मत अजून तसंच आहे. २८ नोव्हेंबर २०२६ ला राज्याची निवडणूक आहे, पेन्सिलीला टोक काढून ठेवतो.

कालच्या दुपारी तीन वाजता टाकी ६० ला पोचली, मी तिथे खुर्ची टाकून बसलो होतो. सौ.ने सहा दिवसांनी शॉवर घेतला आणि पंचवीस मिनिटं बाहेर आली नाही.

कढीपत्ता पलीकडे नेला. नेमका युनिटच्या तोंडासमोरच होता. मोठी कुंडी, मला एकट्याला हलेना, म्हाताऱ्याला हाक मारली, दोघांनी मिळून ओढत नेली. जाताना त्याने विचारलं, किती वीज खातो हा. म्हटलं महिन्याने बिल आलं की दाखवतो.